मामंजींचा चालता उंबरा

बसून राहणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला अजून कलम लागलेलं नाही ही सरकारची ढिलाई आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या सासरी निघाला. नात्याने ते माझे चुलत सासरे. सख्खे सासरे मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेले, त्यामुळे 'मामंजी' ही हाक यांच्या वाट्याला आली. नेवाशाच्या कोर्टात त्यांनी तीस वर्षं बेलिफी केली होती. म्हणजे कोर्टाचे कागद घेऊन पायी गावोगाव जायचं, ज्याच्या नावाचा कागद असेल त्याला गाठायचं, आणि तो घरात नाही असं बायकोने शपथेवर सांगितलं तरी त्याला कणगीमागून ओढून काढून कागद हातात ठेवायचा. पेन्शनीत निघाले तेव्हा सरकारने त्यांचा पट्टा आणि बिल्ला मोजून परत घेतला. पाय तेवढे परत घ्यायचे राहिले, असं सासूबाई म्हणत.

मामंजी बसत नसत. जेवायला पाटावर टेकत तेही उकिडवे, आणि भात संपून ताक येईपर्यंत एकदा उठून मागच्या दारापर्यंत जाऊन येत. वर्तमानपत्र चालता चालता मोठ्याने वाचत, त्यामुळे लढाई आमच्या आळीला तुकड्यातुकड्याने कळे. रशिया पहिल्या घरापुढे, जपान पाचव्या घरापुढे, आणि कापडाच्या कंट्रोलची बातमी येईपर्यंत ते नदीवर पोचलेले असत. ज्यांना ती हवी असे त्या बायका कळशी घेऊन मागे जात. एकदा गावात कुणाच्या तरी समाचाराला गेले आणि तिथे ओसरीवर अशा येरझारा घातल्या की रडणाऱ्या बायकांच्या माना नकळत त्यांच्याबरोबर इकडून तिकडे हलू लागल्या, आणि घरच्या सुनेला पदर तोंडात कोंबून आत पळावं लागलं. नगरला स्टुडिओत आम्ही सगळ्या घराचा फोटो काढला होता. त्यात आम्ही सगळे डोळे ताणून लख्ख आलो आहोत आणि सासूबाईंच्या डाव्या हाताला एक धुरकट पट्टा आहे. ते मामंजी. "मी मुळीच हललो नाही," असं ते शेवटपर्यंत सांगत. "जागच्या जागी पाय मोकळे केले."

त्यांचं हे वेड बारा महिने चाले, पण कार्तिक सरला की त्याला खरा ऊत येई. आमचं गाव प्रवरेच्या काठी, नेवाशापासून दोन कोसांवर. आमच्याकडची थंडी कोरडी. ओठ फुटतात, टाचा फुटतात, आणि सकाळी नदीवरून येणारा वारा कानाखाली वाजवल्यासारखा लागतो. त्या दिवसांत आळीतली तीन ते सात वर्षांची सगळी पोरं ऊन डोक्यावर येईपर्यंत गोधडीत असत. बाहेर काढलीच तर कानाला फडकं बांधून शेकोटीपुढे ठेवत, आणि शेकोटीपुढे ठेवलेलं पोर संध्याकाळपर्यंत तिथून हलत नसे. नाकं वाहत, पोटं बिघडत, आणि आया म्हणत, थंडी बाधली. मामंजींना शेकोटी पाहवत नसे. "अहो, पुढून भाजतं आणि मागून गारठतं, ही कसली ऊब?" असं म्हणत ते शेकोटीला प्रदक्षिणा घालत. "ऊब अंगातून निघाली पाहिजे. पायाकडून वर." हे ऐकून म्हातारे होहो म्हणत आणि आणखी एक तुरकाटी टाकत.

बोलण्याने काही होत नाही हे बेलीफ माणसाला वेगळं सांगायला नको. मामंजींनी कागद काढले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, शाईने, ठळक अक्षरात: 'सखू बिन अमुक, वय वर्षे साडेचार, इस असे कळविण्यात येते की उद्या सूर्य कासराभर वर येताच तुम्ही मारुतीच्या पारापुढे जातीनिशी हजर राहावे. कसूर केल्यास तुमची गोधडी जप्त करण्यात येईल.' दिवेलागणीच्या आत दारोदार जाऊन हे समन्स ते ज्याच्या त्याच्या हातात देत. पोरांना वाचता येत नसे, म्हणून मोठ्याने वाचून दाखवत आणि अंगठ्याला काजळ फासून निशाणी घेत. अंगठा उमटला की पोर फुशारत असे. चार वर्षांच्या माणसाला आपल्या नावाचा कागद येणं ही काय चीज असते ते मी तेव्हा पाहिलं. आमच्या शेजारच्या रखमाच्या भिक्याने पहिला कागद तीन दिवस बंडीच्या आत पोटाशी ठेवला होता.

सकाळी पारावर उभे राहून मामंजी कोर्टाच्या सुरात तीनदा पुकारा करत. तिसऱ्या पुकाऱ्यालाही जो आला नाही त्याच्या घरी दोन पंच घेऊन जात. पंच म्हणजे त्याच्याच वयाची, वेळेवर आलेली दोन पोरं. गोधडी ओढून घेत आणि जागीच पंचनामा वाचत: "गोधडी एक, ठिगळं सात, पैकी एक खणाचं, एक कोपरा ओला." ओल्या कोपऱ्याचा उल्लेख मामंजी कधी गाळत नसत. दुसऱ्या दिवशी ते पोर सगळ्यांच्या आधी पारावर असे. जप्त माल पिंपळाच्या फांदीवर उन्हात पडे, आणि तो सोडवायचा तर लंगडी घालत मारुतीला तीन फेऱ्या. मग शिवाशिवी, लगोरी, फुगड्या, दोरी ओढणं. तासाभराने पोरांच्या कपाळावर घाम दिसू लागला की मामंजी एकेकाच्या मानेला हात लावून पाहत आणि "भरपाई झाली" म्हणून घरी सोडत. घरी गेलेलं पोर एकदम दोन भाकरी मागू लागलं तेव्हा आयांचा विरोध मावळला. एकदा तर रखमा स्वतःच आमच्या ओट्याशी आली. "मामा, आमच्या भिक्याची गोधडी न्हेली ती ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं," ती म्हणाली. "पर त्यो पोत्यात शिरून बसलाय. त्ये पोतंबी न्हेजा, आन् त्यालाबी न्हेजा."

आळीतल्या अकरा पोरांना कागद येत होते. बाराव्याला येत नव्हता. तो बारावा माझा.

धोंडू माझा तिसरा. पहिली मुलगी दीड वर्षाची असताना पौषात गेली, दुसरा मुलगा सात महिन्यांचा, तोही पौषातच. दोघांचीही छाती भरली होती. म्हणून दृष्ट लागू नये यासाठी तिसऱ्याचं नाव धोंडू ठेवलं, नाक टोचलं, दुसऱ्यांच्या घरून मागून आणलेली अंगडी घातली, आणि सासूबाईंनी टेकडीवरच्या देवीला नवस बोलला. नवस कडक होता. पोराला पाच वर्षं पुरी होऊन माघी पौर्णिमा येईपर्यंत उंबऱ्याबाहेरच्या मातीला त्याचा पाय लागू द्यायचा नाही, आणि त्या पौर्णिमेला तो आपल्या पायांनी बावन्न पायऱ्या चढून देवीच्या पायांवर डोकं ठेवील. सासूबाईंनी तो अक्षरशः पाळला. धोंडू कडेवर वाढला. दिवसभर आतल्या खोलीत, हिवाळ्यात दोन-दोन गोधड्यांत. पाचवं संपत आलं तरी तो भिंत धरून चार पावलं टाकी आणि मटकन बसे. त्याला न्हाऊ घालताना त्याच्या नडग्या मला दिसत. बाकाला आल्या होत्या. मी पाणी घालत राही आणि बोलत नसे. बोलणार काय? दोन गमावलेल्या सुनेने सासूच्या नवसाला नावं ठेवायची असतात का?

पण एक दिवस धोंडूनेच विचारलं. उंबऱ्याच्या आत बसून तो रोज समोरची गंमत पाहायचा. त्या दिवशी मामंजी आमच्या दारावरून पुढे गेले, भिक्याला कागद दिला, सखूला दिला, आणि धोंडूने माझ्याकडे वळून विचारलं, "माझा कागद हरवला का गं?"

मी आजवर मामंजींपुढे तोंड उघडलं नव्हतं. आमच्यात सुनांनी दाराआडून, बांगड्या वाजवून काय ते सांगायची रीत. त्या संध्याकाळी मी सरळ ओट्यावर गेले. माझा स्वभाव मूळचा तिखट, तो लग्नानंतर दहा वर्षं मी फडताळात ठेवला होता. म्हटलं, "मामंजी, धोंडूला समन्स द्या. नाहीतर माझं पोर पांगळं होईल, आणि ते मी तुमच्याकडून भरून घेईन." मामंजी येरझारा घालत होते. ते थांबले. मी घरात आल्यापासून त्यांना निश्चल उभं राहिलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तीस वर्षांत ज्या माणसाने कुणाच्या कुत्र्याला भीक घातली नाही, तो एकाच व्यक्तीला भीत होता, ती म्हणजे त्याची वहिनी, माझ्या सासूबाई. ते म्हणाले, "सूनबाई, कागद मी देईन. पण नवसावर हुकूम चालत नाही. आधी नवस वाचावा लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सासूबाईंची जबानी घेतली. सासूबाई विधवेच्या तांबड्या आलवणाचा पदर सावरून माजघरात वाती वळत होत्या, मामंजी त्यांच्यापुढे फेऱ्या मारत होते, आणि मी दाराआड उभी.

"वहिनी, नवसाचे शब्द सांगा. जसे बोललात तसे."

सासूबाईंनी सांगितले.

"म्हणजे बावन्न पायऱ्या पोराने आपल्या पायांनी चढायच्या. माघी पौर्णिमेला. आज मार्गशीर्षातली पंचमी. त्याला भिंत सोडून दोन पावलं टाकता येत नाहीत. तुमच्या नवसाच्या पहिल्या अर्ध्याने दुसरा अर्धा अडवून धरलाय, हे ध्यानात आलंय का?"

सासूबाईंची वात हातातच राहिली. हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. बरेच दिवस आलं होतं, हे त्यांच्या तोंडावर मला वाचता आलं, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा राग न येता कीव आली. ती बाईही माझ्याइतकीच घाबरलेली होती. फक्त तिने भीती देवीकडे ठेवायला दिली होती आणि आता ती परत मागता येत नव्हती.

"जोडे घालून नेला तर?" मामंजींनी विचारलं. "मातीला पाय लागणार नाही."

"भावजी, देवीला जोडे दाखवायचे?"

"नको तर. बरं, उंबऱ्याबाहेर म्हणालात. कुठल्या उंबऱ्याच्या?"

"कुठल्या म्हणजे? माझ्या घराच्या. हा काय समोर."

"हा दगडी. हा पुढची पडवी पडल्यावर बसवला, मी स्वतः गाडीतून आणला." मामंजी फेऱ्या थांबवून म्हणाले, "तुम्ही या घरात आलात तेव्हा माप कुठल्या उंबऱ्यावर ओलांडलंत, वहिनी?"

सासूबाईंनी हातातली वात खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "तो सागवानी होता."

तो अजून होता. गोठ्यामागे पडून होता, त्यावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. मामंजींनी दुसऱ्या दिवशी अकराही पोरांना तिथे हजर राहायचा हुकूम काढला. जाड दोराचा सोल बांधून, 'हैऽऽ सा' करत, पोरांनी तो चार हात लांब उंबरा ओढत ओढत आमच्या अंगणाच्या पार टोकाला नेऊन टाकला. मग मामंजींनी दारात येऊन पुकारा केला: धोंडो, मध्ये यांचं नाव, ते मी घेणार नाही, हाजीर होऽऽ. आणि कागद धोंडूच्या हातात ठेवून सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, ज्या उंबऱ्यावरून तुम्ही लक्ष्मी म्हणून आलात तो तुमचा उंबरा. तो तिथे आहे. त्याच्या अलीकडचं सगळं घरात." शाळेचे मास्तर कुतूहलाने आले होते, त्यांनी विचारलं, "पण घराला भिंती नकोत का?" मामंजी म्हणाले, "नवसात भिंतींचा उल्लेख नाही."

सासूबाई माळ घेऊन उठल्या. देवघरात जाऊन बसल्या. मी धोंडूला अंगणात मातीवर उभा केला, तो थरथरला आणि बसला, पुन्हा उभा केला, पुन्हा बसला. मी दोन्ही वेळा मागे पाहिलं, देवघराचं दार बंद होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं दारातल्या उंबऱ्याला हळदकुंकू वाहून आत येत होते तेव्हा सासूबाईंनी माळेवरची नजर न काढता विचारलं, "त्या बाहेरच्याला कोण वाहणार? तो काय पोरका आहे?" मी कुंकवाचा करंडा घेऊन अंगणभर पळत गेले. लुगड्याचा घोळ सावरायचंही भान नव्हतं मला.

त्यानंतर उंबरा रोज सरकू लागला. तो ओढणं हा अकरा पोरांचा सकाळचा पहिला खेळ झाला आणि त्यातच त्यांना घाम फुटू लागला. धोंडूला उभं राहता येईना तोवर मामंजींनी त्याला कायमचा पंच नेमला. आट्यापाट्यांत कोण बाद ते त्याने सांगायचं, आणि पंचाने पळणाऱ्याच्या मागे-मागे राहिलंच पाहिजे असा नियम काढला. धोंडू आधी रांगत मागे राहिला, मग भिक्याच्या खांद्याला धरून, मग नुसता सखूच्या परकराला धरून. उन्हात त्याच्या नडग्यांना मामंजी स्वतः तिळाचं तेल चोळत आणि चोळतानाही स्वतःचे पाय हलवत राहत. मार्गशीर्ष संपता संपता उंबरा पारापर्यंत गेला. भर रस्त्यात आडवा सागवानी उंबरा, त्याला ताजं हळदकुंकू. येणारेजाणारे त्याला पाय न लावता ओलांडत, काही जण नमस्कारही करत. ऊस घेऊन चाललेला एक गाडीवान बैल थांबवून म्हणाला, "ह्ये कुनाचं घर म्हनायचं?" मामंजी म्हणाले, "आमच्या वहिनींचं. आत या, पाणी घ्या, मग उंबरा बाजूला करतो." तो बिचारा खरंच खाली उतरला आणि पाणी पिऊन गेला.

आणि गंमत म्हणजे सासूबाईंनी ते घर मनावर घेतलं. पारापर्यंत आपलं घर म्हटल्यावर तिथवर कुणी थुंकलेलं त्यांना खपेना. दोन भाऊ बांधावरून पारावर भांडत होते, त्यांना जाऊन म्हणाल्या, "माझ्या घरात आवाज चढवायचा नाही." दोघेही गप्प झाले. संक्रांतीला उंबरा नदीवर पोचला होता, म्हणजे अर्धं गाव आमच्या घरात. रखमा पाणी भरताना हसत म्हणाली, "म्हंजी माई, आता आमीबी तुमच्या घरातच की वो. लई मोठं घर झालं तुमचं." सासूबाई सोवळ्याच्या बाई. त्यांनी रखमाकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, घरात आलेल्या सवाशिणीला तशी पाठवतात का?" त्या वर्षी माझं संक्रांतीचं हळदीकुंकू नदीच्या वाळूत झालं. माझ्या ओटीतले तीळगूळ संपले, मग लोकांनी आणलेली बोरं आणि उसाची कांडकी वाटली, आणि धोंडूने, कुणाचाही परकर न धरता, अकरा पावलं चालत येऊन रखमाच्या हातावर तीळगूळ ठेवला. ती अकरा मी मोजली आहेत. त्या दिवशी मी इतकी हसले की माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मग पौष संपायला आठ दिवस राहिले आणि धोंडूला ताप आला. दुसऱ्या दिवशी छातीत घरघर सुरू झाली. ती घरघर मी आधी दोनदा ऐकलेली होती. सासूबाईंनी देव पाण्यात घातले, मला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं. मीच तोंड वर करून मागितलं होतं ना हे? मामंजींनी नेवाशाहून डॉक्टर आणले, चार कोसांची रपेट दोन तासांत करून. आणि मग नदीवर जाऊन त्या उंबऱ्यावर बसले. होय, बसले. लोक मला येऊन सांगत, मामा बसलेत, जेवायला उठत नाहीत, बोलत नाहीत. भिक्या आणि सखू त्यांच्या दोन बाजूंना बसून होती. तीन दिवस पारावर पुकारा झाला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी होते. आतून बारीक आवाज आला, घोगरा, पण सूर तंतोतंत कोर्टाचा: "धोंडोऽऽ हाजीर होऽऽ." एकदा, दोनदा, तीनदा. पोर अंथरुणात उठून बसलं होतं, कपाळ गार, आणि स्वतःच स्वतःचा पुकारा करत होतं. मी त्याच्या मानेला हात लावला आणि तिथेच खाली बसून ढसाढसा रडले. सासूबाई बाहेर आल्या, त्यांनी त्याला पाहिलं, पायांत काही न घालता त्या थेट नदीवर गेल्या. मामंजींना म्हणाल्या, "भावजी, उठा. कामावर या. पौर्णिमेला अठरा दिवस राहिलेत."

त्या अठरा दिवसांत आमच्या गावात थंडी होती असं कुणी म्हणू शकणार नाही. उंबरा नदीवरून टेकडीच्या वाटेला लागला आणि आता तो ओढायला पोरांच्या जोडीला त्यांचे बापही येऊ लागले. शेकोटीवरचे म्हातारे आधी पाहायला आले, मग हात लावायला. धोंडू रोज नवं काही करी. ओढा ओलांडला, बांधावरून उडी मारली, पडला, गुडघा फोडला आणि फुटलेला गुडघा आळीभर दाखवत फिरला. हे नगरला नोकरीला असत, ते महिन्याच्या रजेवर आले होते. त्यांनी मुलाला रस्त्यात पळताना पाहिलं आणि ओळखलं नाही. दुसऱ्याच कुणाचा तरी समजून बाजूला सरकले.

पौर्णिमेला अख्खं गाव टेकडीच्या पायथ्याशी होतं. आदल्या दिवशीच पोरांनी आणि बापांनी उंबरा वर चढवून देवळाच्याही मागे, जिथे माळ सुरू होतो तिथे नेऊन टाकला होता, म्हणजे पायऱ्याही घरात आणि देवीही घरात. सासूबाई पुढे, मध्ये धोंडू, मागे मी, आणि मामंजी बाजूच्या खडकांवरून, कारण पायऱ्यांवर त्यांना फार हळू चालावं लागलं असतं. वीस पायऱ्या तो भराभर चढला. तिसाव्या पायरीला थांबला. पाय लटपटायला लागले. मी पुढे झाले, तेवढ्यात मामंजींनी हात आडवा धरला. खालून भिक्याने नरड्याच्या शिरा ताणून पुकारा केला, मग सखूने, मग अकराही पोरांनी, मग रखमाने, मग मास्तरांनी, आणि मग सगळ्या गावाने माझ्या मुलाचं नाव त्याच्या बापाच्या नावासकट टेकडीवर दणाणून सोडलं. धोंडूने कमरेवर हात ठेवले, मामंजी ठेवत तसे, श्वास घेतला, आणि उरलेल्या बावीस पायऱ्या चढून तो गाभाऱ्यात शिरला. पुढे निघालेल्या सासूबाई त्याच्या मागून पोचल्या त्या धापा टाकत. "दमले गं बाई मी," त्या म्हणाल्या, आणि इतक्या समाधानाने कुणी दमलेलं मी पाहिलं नव्हतं.

डोकं ठेवून झालं. आम्ही देवळाच्या मागे आलो. सासूबाई उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "फिटला नवस. जा बाबा, आता कुठे जायचं तिथे." धोंडूने माझ्याकडे पाहिलं, मामंजींकडे पाहिलं, उंबरा ओलांडला आणि माळावर सुटला. अकरा पोरं त्याच्या मागे. सवयीने मामंजीही धावले, वीसेक पावलांवर थांबले, आणि हसत परत आले. "हा काही आता माझ्या हाती लागायचा नाही," ते म्हणाले. मी 'हळू' म्हणायला तोंड उघडलं होतं, तेही मिटलं. कडेवरच्या मुलाचं तोंड दिसतं, पाठ दिसत नाही. पाच वर्षांत मी धोंडूची अशी पाठ पाहिलीच नव्हती. लहानशी, मळक्या बंडीतली, लांब-लांब जाणारी. मामंजी माझ्या शेजारी उभे होते, जरा वेळ पाय न हलवता. म्हणाले, "सूनबाई, पोराची पाठ दिसली की समजावं, आपलं काम झालं."

मामंजी त्यानंतर तीन हिवाळे होते. चौथ्याच्या तोंडावर झोपेतच गेले, आणि ते आडवे पडून गेले याचंच गावाला जास्त नवल वाटलं. सासूबाई पाठोपाठ गेल्या. धोंडू दहा वर्षांचा झाला तेव्हा शिकायला नगरला निघाला. मोटारीचा फाटा मैलावर होता, तो ट्रंक डोक्यावर घेऊन चालतच गेला, थंडीचे दिवस, पण अंगात नुसता सदरा. मी दारात उभी होते. त्याने मागे वळून पाहिलं नाही. पुढे जायची घाई असलेली मुलं पाहत नाहीत. पाय सरळ पडत होते, झपाझप, आणि माझ्या घशाशी आलेली हाक मी तिथेच ठेवली. हे चालणं मी स्वतः ओट्यावर जाऊन, तोंड उघडून मागून घेतलं होतं. आता ते इतक्या लांब जातं, याची तक्रार करायला मामंजीही नव्हते.